दोन्हीकडून सारखी

(देवळालीचे शिक्षक दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांनी आयुष्यभर संख्यांचा अभ्यास केला. त्यांच्या आवडत्या संख्यांपैकी एका मोठ्या संख्येची ओळख या पाठात करून दिली आहे. पाठ वाचताना वही आणि पेन्सिल जवळ ठेवा.)

विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही शाळेत दोन दिशांनी लिहिता. उर्दूच्या तासाला तुमची लेखणी उजवीकडून डावीकडे जाते. मराठीच्या तासाला ती डावीकडून उजवीकडे जाते. पण एक गोष्ट तुमच्या लक्षात आली आहे का? उर्दूच्या ओळीत एखादी संख्या आली, की ती तुम्ही डावीकडून उजवीकडेच लिहिता. अक्षरांची दिशा बदलते, पण संख्येची दिशा बदलत नाही.

आता ही संख्या पाहा :

१२३४५६७८९८७६५४३२१

ही डावीकडून वाचा. एकपासून नऊपर्यंत चढा आणि पुन्हा एकपर्यंत उतरा. आता हीच संख्या उजवीकडून वाचा. तेच अंक, त्याच क्रमाने! या संख्येला दिशेची अडचणच नाही. मराठी वाचणारा आणि उर्दू वाचणारा, दोघांनाही ती सारखीच दिसते.

ही संख्या कोणीतरी गंमत म्हणून अंक मांडून तयार केली असेल, असे तुम्हांला वाटेल. तसे नाही. ती एका साध्या गुणाकाराचे उत्तर आहे. तो गुणाकार कोणता, ते पुढे पाहूच. त्याआधी ही संख्या किती मोठी आहे, याचा अंदाज घेऊ.

संख्या केवढी?

या संख्येत सतरा अंक आहेत. स्वल्पविराम देऊन ती अशी लिहितात : १२,३४,५६,७८,९८,७६,५४,३२१.

समजा, जालना जिल्ह्यातील टेंभुर्णी या गावी तुम्ही एका खळ्यावर उभे आहात. समोर ज्वारीची रास आहे. ज्वारीच्या शंभर दाण्यांचे वजन सुमारे ३ ग्रॅम धरू. आपल्या संख्येइतके दाणे गोळा करायचे ठरवले, तर त्यांचे वजन सुमारे ३७ कोटी टन भरेल. शंभर किलोचे एक पोते धरले, तर ही ३७० कोटी पोती झाली. साऱ्या जगात वर्षाला सुमारे ६ कोटी टन ज्वारी पिकते. म्हणजे टेंभुर्णीच्या शिवारातलीच नव्हे, तर साऱ्या पृथ्वीवरची सहा वर्षांची ज्वारी एका राशीत ओतावी लागेल!

दाणे मोजायला किती वेळ लागेल? दर सेकंदाला एक दाणा मोजला आणि रात्रंदिवस न थांबता मोजत राहिलो, तर सुमारे ३९ कोटी वर्षे लागतील.

एवढ्या मोठ्या संख्येचे वाचन कसे करायचे? लाख आणि कोटी आपल्या ओळखीचे आहेत. मराठीत कोटीच्या पुढे दशकोटी आणि मग अब्ज येतो. उर्दूत त्यालाच अरब म्हणतात. भास्कराचार्यांनी सुमारे ११५० साली ‘लीलावती’ हा गणिताचा ग्रंथ लिहिला. त्यात एकं स्थानापासून परार्धापर्यंत अठरा स्थानांची नावे दिली आहेत. अब्जाच्या पुढे खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य आणि परार्ध अशी ती नावे आहेत. प्रत्येक स्थान आधीच्या स्थानाच्या दहापट असते. आपल्या संख्येतील पहिला १ सतराव्या स्थानावर, म्हणजे ‘मध्य’ या स्थानावर आहे. म्हणून तिचे वाचन ‘एक मध्य, दोन अंत्य, तीन जलधी, चार शंकू...’ असे सुरू होईल. येथे एक काळजी घ्या. उर्दूतील खरब आणि लीलावतीतील खर्व ही नावे सारखी वाटतात, पण त्यांची किंमत एक नाही. खरब म्हणजे शंभर अरब. खर्व म्हणजे दहा अब्ज. नाव सारखे दिसले, तरी किंमत तपासूनच घ्यावी.

या ‘लीलावती’चे तुमच्या भाषेशीही जुने नाते आहे. १५८७ साली अकबर बादशहाच्या आज्ञेवरून कवी फैजी याने तिचे फारसीत भाषांतर केले. संख्या एका भाषेतून दुसऱ्या भाषेत सहज जातात. रोजच्या मराठीतील ‘हिशेब’, ‘रक्कम’ आणि ‘वजाबाकी’तील ‘बाकी’ हे शब्दही अरबीतून आले आहेत.

ती जन्मली कशी?

आता वही उघडा. १ या एकाच अंकाने लिहिलेल्या संख्या घ्या आणि प्रत्येक संख्येला तिनेच गुणा, म्हणजे तिचा वर्ग काढा.

१ × १ = १
११ × ११ = १२१
१११ × १११ = १२३२१
११११ × ११११ = १२३४३२१
१११११ × १११११ = १२३४५४३२१

पुढे काय होईल, हे तुम्ही आता न गुणताही सांगाल. सहा एकांचा वर्ग सहापर्यंत चढेल आणि उतरेल. सात एकांचा वर्ग सातपर्यंत जाईल. नऊ एकांचा, म्हणजे १११११११११ या संख्येचा वर्ग म्हणजेच आपली १२३४५६७८९८७६५४३२१ ही संख्या.

पण ‘असे होते’ हे पाहून थांबू नका. ‘असे का होते’ हे विचारा. चार एकांचा गुणाकार नेहमीच्या रीतीने मांडू :

            १ १ १ १
         १ १ १ १
      १ १ १ १
   १ १ १ १
   ——————————
   १ २ ३ ४ ३ २ १

प्रत्येक ओळीत चार एक आहेत. प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकली आहे. उजवीकडच्या पहिल्या घरात एकच १ येतो. दुसऱ्या घरात दोन, तिसऱ्या घरात तीन आणि चौथ्या घरात चार. तेथून पुढे ओळी एकेक करून संपत जातात, म्हणून बेरीज पुन्हा तीन, दोन, एक अशी उतरते. पायऱ्या चढून उतरावे, तशी ही बेरीज आहे. नऊ एकांच्या गुणाकारात अशा नऊ ओळी येतात. मधल्या घरात नऊ एक जमतात. तेथेही हातचा घ्यावा लागत नाही. म्हणूनच आपली संख्या दोन्हीकडून सारखी दिसते.

डेमलो संख्या

अशा संख्यांकडे ज्यांनी प्रेमाने पाहिले, त्या शिक्षकाची आता ओळख करून घेऊ. जालन्याहून रेल्वेने मनमाडमार्गे मुंबईकडे निघाले, की नाशिकरोडनंतर देवळाली हे स्थानक येते. या देवळालीत दत्तात्रय रामचंद्र कापरेकर हे शाळेत शिकवत असत. त्यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणू येथे झाला. लहानपणीच त्यांची आई वारली. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकत असताना, १९२७ साली, त्यांना गणितासाठी रँग्लर र. पु. परांजपे यांच्या नावाचे पारितोषिक मिळाले. १९३० ते १९६२ अशी बत्तीस वर्षे ते देवळालीत शिक्षक होते. पदवीच्या पुढचे शिक्षण त्यांनी घेतले नव्हते. त्यांच्याजवळ संगणक नव्हता. कागद, पेन्सिल आणि न कंटाळणारे मन, एवढेच त्यांचे साहित्य.

१, १२१, १२३२१, १२३४३२१ या संख्यांना कापरेकरांनी ‘डेमलो संख्या’ असे नाव दिले. हे नाव कोणा गणितज्ञाचे नाही. ते एका रेल्वे स्थानकाचे आहे! आजच्या डोंबिवली स्थानकाला त्या काळी डेमलो म्हणत. अशा संख्यांचा अभ्यास करावा, ही कल्पना कापरेकरांना तेथे सुचली. स्थानकावर आपण सारेच जातो. गाडी उशिरा आली, की आपण कंटाळतो. कापरेकरांच्या मनात मात्र तेव्हाही अंक फिरत असत.

आपली सतरा अंकी संख्या ही या डेमलो संख्यांच्या रांगेतील नववी संख्या आहे.

आनंद देणारी संख्या

आता आपल्या संख्येचे अंक मिळवा. १ ते ९ यांची बेरीज ४५ होते. पुढे ८ ते १ यांची बेरीज ३६ होते. ४५ आणि ३६ मिळून ८१. आणि ८१ हा नऊचा वर्ग आहे.

हे आपोआप घडले का? नाही. गुणाकाराची मांडणी आठवा. नऊ ओळी होत्या आणि प्रत्येक ओळीत नऊ एक होते. म्हणजे एकूण ८१ एक. हातचा कोठेच घेतला नाही, म्हणून तेच ८१ एक उत्तराच्या अंकांत वाटले गेले.

आता पुढचा प्रश्न. आपल्या संख्येला ८१ ने भागले, तर बाकी उरेल का? सतरा अंकांचा भागाकार करण्यापूर्वी थोडा विचार करा. १११११११११ या संख्येला ९ ने भाग जातो :

१११११११११ = ९ × १२३४५६७९

भागाकारात ८ हा अंक नाही, हे पाहिलेत का? आपली संख्या म्हणजे १११११११११ चा वर्ग. म्हणून तिच्यात ९ हा अवयव दोनदा येतो, म्हणजेच तिला ८१ ने निःशेष भाग जातो. उत्तर येते १५,२४,१५,७८,९९,७१,०४१. हा १२३४५६७९ चा वर्ग आहे.

ज्या संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जातो, तिला कापरेकरांनी ‘हर्षद संख्या’ म्हटले. हर्ष म्हणजे आनंद, आणि हर्षद म्हणजे आनंद देणारा. १८ ही हर्षद संख्या आहे, कारण १ + ८ = ९, आणि १८ ला ९ ने भाग जातो. १९ ही हर्षद नाही, कारण १ + ९ = १०, आणि १९ ला १० ने भाग जात नाही. आपली सतरा अंकी संख्या हर्षद आहे. पण साऱ्या डेमलो संख्या हर्षद नसतात. १२१ च्या अंकांची बेरीज ४ आहे, आणि १२१ ला ४ ने भाग जात नाही. पहिल्या नऊ डेमलो संख्यांपैकी फक्त तीनच हर्षद आहेत : १, १२३२१ आणि आपली नववी संख्या.

दोन तुकड्यांची बेरीज

या संख्येत आणखी एक गोष्ट लपलेली आहे. संख्येतील उजवीकडचे नऊ अंक वेगळे काढा. डावीकडे आठ अंक राहतील. आता दोन्ही तुकडे मिळवा :

१२३४५६७८ + ९८७६५४३२१ = ९९९९९९९९९

नऊ वेळा नऊ! लहान डेमलो संख्यांवरही हे करून पाहा. दोन एकांचा वर्ग असेल, तर उजवीकडून दोन अंक तोडा. तीन एकांचा असेल, तर तीन तोडा.

१२१ : १ + २१ = २२
१२३२१ : १२ + ३२१ = ३३३
१२३४३२१ : १२३ + ४३२१ = ४४४४
१२३४५४३२१ : १२३४ + ५४३२१ = ५५५५५

दोन एकांपासून दोनांची रांग मिळाली, तीन एकांपासून तीनांची आणि नऊ एकांपासून नवांची. आता आपल्याजवळ तीन नियम जमले. पहिला, संख्या दोन्हीकडून सारखी असते. दुसरा, अंकांची बेरीज एकांच्या संख्येचा वर्ग असते. तिसरा, दोन तुकड्यांची बेरीज एकाच अंकाची रांग असते. तिन्ही नियम प्रत्येक वेळी खरे ठरले. मग ते नेहमीच खरे ठरतील, असे म्हणायचे का?

दहावी पायरी

थांबा! दहा एक घ्या आणि वर्ग काढा. येथे मोबाइलवरील गणकयंत्र हाती घेण्याचा मोह होईल. पण साध्या गणकयंत्रावर आठ, दहा किंवा बारा अंकच मावतात. मोठे उत्तर आले, की कित्येक यंत्रे पुढचे काही अंक दाखवतात आणि बाकीचे गाळून टाकतात. म्हणून हा गुणाकार कागदावरच करावा.

मांडणीत आता दहा ओळी येतात. मधल्या घरात दहा एक जमतात. दहा हे एका घरात मावत नाहीत. तेथे ० लिहावे लागते आणि १ हातचा डावीकडे जातो. त्या घरात आधीच ९ आहेत. त्यांत १ मिळाला, की तेथेही १० होतात. पुन्हा ० लिहा आणि १ हातचा घ्या. पुढच्या घरातील ८ चे ९ होतात. तेथे गाडी थांबते. उत्तर येते :

१२३४५६७९००९८७६५४३२१

उजवीकडून वाचा. १, २, ३, ४, ५, ६, ७, ८, ९... आणि मग दोन शून्ये. डावीकडून वाचा. ७ च्या पुढे एकदम ९. दोन्हीकडून सारखी असण्याचा नियम मोडला! अंकांची बेरीज करून पाहा. ती १०० यायला हवी होती. येते ८२. दुसरा नियमही मोडला. का मोडला, हेही सांगता येते. एक हातचा घेताना दहा एकांच्या जागी एकच १ लिहिला जातो, म्हणजे अंकांच्या बेरजेतून ९ कमी होतात. हातचा दोनदा घेतला, म्हणून १८ कमी झाले. १०० मधून १८ गेले, उरले ८२.

मित्रांनो, या पाठात लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट हीच आहे. एखादी गोष्ट नऊ वेळा खरी ठरली, म्हणून ती दहाव्या वेळीही खरी ठरेल असे नाही. नऊ उदाहरणे म्हणजे सिद्धता नव्हे.

आता तिसरा नियम तपासू. उजवीकडून दहा अंक तोडा :

१२३४५६७९० + ०९८७६५४३२१ = ११११११११११

पाहा, रांग आली! ती दहांची नाही, कारण दहा हा एक अंक नाही. पण एकाच अंकाची रांग मात्र आली. अकरा एकांचा वर्ग १२३४५६७९०१२०९८७६५४३२१ आहे. त्याचे अकरा अंक तोडले तर :

१२३४५६७९०१ + २०९८७६५४३२१ = २२२२२२२२२२२

तीन नियमांपैकी दोन मोडले आणि एक टिकला. तो पुढेही टिकेल का? आता नुसत्या उदाहरणांवर आपण विश्वास ठेवणार नाही. कारण शोधू.

टिकणारे कारण

लहान संख्या घेऊ, म्हणजे विचार सोपा होईल. १२३२१ म्हणजे १२ हजार आणि ३२१. एक हजार म्हणजे ९९९ आणि १. म्हणून

१२३२१ = १२ × १००० + ३२१
= १२ × ९९९ + १२ + ३२१

आता नीट पाहा. १२३२१ ला १११ ने भाग जातो, कारण ती १११ चाच वर्ग आहे. ९९९ लाही १११ ने भाग जातो, कारण ९९९ = ९ × १११. एका पूर्ण पटीतून दुसरी पूर्ण पट वजा केली, तर जे उरते तेही पूर्ण पटच असते. येथे १२ + ३२१ एवढेच उरते. म्हणून त्या बेरजेलाही १११ ने भाग गेलाच पाहिजे.

१११ च्या एकपट ते नऊपट संख्या कोणत्या? १११, २२२, ३३३, ... ९९९. या साऱ्या एकाच अंकाच्या रांगा आहेत. दोन तुकड्यांची बेरीज १११ च्या दहापटीपर्यंत कधी पोचत नाही, कारण उजवा तुकडा तीनच अंकी आहे आणि डावा तुकडा त्या मानाने फार लहान आहे. म्हणून बेरीज या नऊ संख्यांपैकीच एक असणार.

हा विचार तीन एकांनाच नव्हे, तर कितीही एकांना लागू पडतो. दहा एक घ्या, पन्नास घ्या किंवा हजार घ्या. त्या रांगेची नऊपट म्हणजे तितक्याच नवांची रांग, आणि डावा तुकडा उजव्याच्या मानाने लहानच राहतो. हातचा किती वेळा आला, याचा येथे संबंधच नाही. म्हणून हातच्याने पहिले दोन नियम मोडले, पण तिसऱ्याला धक्का लागला नाही. हजार एकांचा वर्ग कोणी लिहून पाहिला नाही, तरी हा नियम तेथे खरा आहे, हे आपण आज खात्रीने सांगू शकतो. हीच सिद्धतेची ताकद आहे.

एका शिक्षकाची गोष्ट

कापरेकरांच्या या कामाला त्या काळी फारसा मान मिळाला नाही. अंकांशी खेळणे हे गंभीर गणित नव्हे, असे पुष्कळ विद्वानांना वाटे. ते आपले लेख लहान नियतकालिकांत देत, तर कधी स्वतः पुस्तिका छापून काढत. गणिताच्या परिषदांना ते स्वखर्चाने जात. १९६६ साली त्यांच्या पत्नीचे निधन झाले. निवृत्तिवेतन पुरत नसे, म्हणून ते मुलांना खासगी शिकवणी देत. तरी त्यांनी संख्यांची साथ सोडली नाही.

१९७५ सालच्या मार्च महिन्यात अमेरिकेतील ‘सायंटिफिक अमेरिकन’ या मासिकात मार्टिन गार्डनर यांनी कापरेकरांच्या शोधांविषयी लिहिले. देवळालीच्या शिक्षकाचे नाव जगभर पोचले. १९८६ साली देवळालीतच त्यांचे निधन झाले. आज ६१७४ या संख्येला सारे जग ‘कापरेकर स्थिरांक’ म्हणून ओळखते. तिची गंमत तुम्हांला स्वाध्यायात सापडेल.

टेंभुर्णी असो की देवळाली, गाव लहान आहे म्हणून प्रश्न लहान होत नाहीत. १११११११११ ही संख्या लिहायला फक्त १ हा अंक यावा लागतो. तिचा वर्ग काढायला गुणाकार यावा लागतो. पण ‘असे का?’ हे विचारायला मन जागे असावे लागते. ते मन उर्दूत विचार करत असेल किंवा मराठीत, संख्येला त्याने फरक पडत नाही.

आता बारा एक घ्या. वर्ग काढण्यापूर्वीच सांगा, दोन तुकड्यांची बेरीज कोणत्या अंकाची रांग असेल? तुमचे उत्तर वहीच्या कोपऱ्यात लिहून ठेवा, आणि मगच गुणाकाराला सुरुवात करा.

शब्दार्थ

अंक – हिंदसा
बेरीज – जमा
वजाबाकी – तफ़रीक
गुणाकार – ज़रब
भागाकार – तक़सीम
वर्ग – मुरब्बा
हातचा – हासिल
निःशेष – बाकी न उरता
रास – ढीग, ढेर
शिवार – गावाची शेतजमीन
सिद्धता – सुबूत
हर्ष – ख़ुशी
नियतकालिक – ठरावीक काळाने निघणारे मासिक किंवा पत्र

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) ‘डेमलो’ हे नाव कशावरून पडले?
(आ) ‘लीलावती’चे फारसी भाषांतर कोणी केले?
(इ) हर्षद संख्या कशाला म्हणतात?

२. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) दहा एकांचा वर्ग दोन्हीकडून सारखा का नसतो?
(आ) ‘नऊ उदाहरणे म्हणजे सिद्धता नव्हे’ हे पाठाच्या आधारे स्पष्ट करा.

३. पुढील संख्यांपैकी हर्षद संख्या ओळखा : २१, २२, २४, १००.

४. जोडीने करा : सारखे नसलेले अंक असलेली एखादी चार अंकी संख्या घ्या. तिचे अंक उतरत्या क्रमाने आणि चढत्या क्रमाने लिहून मोठ्या संख्येतून लहान संख्या वजा करा. उत्तरावर पुन्हा तेच करा. उदाहरणार्थ, १९४७ घेतल्यास ९७४१ – १४७९ = ८२६२. पुढे ६३५४, ३०८७, ८३५२ आणि शेवटी ६१७४ येते. तुमच्या संख्येला ६१७४ पर्यंत पोचायला किती पायऱ्या लागल्या? वर्गात सर्वांच्या पायऱ्या फळ्यावर लिहा. सातपेक्षा जास्त पायऱ्या आल्या, तर वजाबाकी पुन्हा तपासा.

५. तुमच्या घरातील मोठ्या माणसांना कोटीच्या पुढील संख्यांची नावे विचारा. उर्दू आणि मराठी नावे शेजारी शेजारी लिहा आणि त्यांच्या किमती ताडून पाहा.